लाईट गेल्यावरची गोष्ट

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण, बोललो तसंच)



आयोजकांनी फोन करून विचारलं, "तू कशावर बोलणार?" मी म्हटलं, "व्हिडिओ गेममुळे लिहायला कसं येतं, त्यावर." पलीकडे जरा वेळ कोणी बोलेना. मग आवाज आला, "अरे, तू मराठीचा मास्तर ना? वाचनसंस्कृतीवर बोल की!" आता वाचनसंस्कृतीवर मी वर्षातून तीन-चारदा बोलतोच. माझं बोलून झालं की मुलं शिस्तीत टाळ्या वाजवतात आणि दप्तरातून मोबाईल काढतात. आज घरच्यांत आलोय, तर घरचं बोलावं म्हटलं. शिवाय या विषयात माझ्याकडे एक जुनी उधारी आहे. ती फेडायला यापेक्षा बरी जागा मला मिळायची नाही.

आपली दहावी 1998 ची. मी सांगतोय ते त्याआधीचं, आपण सातवी-आठवीत असतानाचं. विठ्ठलवाडी स्टेशनातून बाहेर पडलं की एका गल्लीत पत्र्याची एक खोली होती. दाराला मळका पडदा, आत तीन टीव्ही, समोर लाकडी बाकडी आणि अर्ध्या तासाला दोन रुपये. मुलींना ती आठवणार नाही, कारण त्या पडद्याआड एकही मुलगी कधी आली नाही. आणि मुलांपैकी जे आत्ता 'छे, आम्हाला नाही आठवत' असा चेहरा करून बसलेत, त्यांच्या शेजारी त्यांची मुलं बसलीयेत, एवढंच त्याचं कारण.

तिथली यंत्रं म्हणजे जपानी यंत्राची नक्कल. उल्हासनगर इथून एक स्टेशन पुढे, त्यामुळे नकली वस्तूसाठी आपल्याला कधी लांब जावं लागलं नाही. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद ऐकतच आपण मोठे झालो. खेळाच्या कॅसेटवर '9999 इन 1' असं छापलेलं असायचं. आत खेळ असायचे पंधरा-वीस, तेच ते, दर वेळी नवं नाव लावून. कॅसेट चालली नाही की काढायची, तोंडाशी धरून जोरात फुंकर मारायची आणि परत घालायची.

बाई, एकदा तुम्ही भाजीची पिशवी घेऊन त्या पडद्यासमोरून चालला होतात आणि आतून आमच्यातलाच एक जण ओरडला, "मेलो, मेलो, मेलो!" तुम्ही पिशवी टाकून आत धावलात. आत आल्यावर जे काही म्हणालात ते इथे सांगत नाही. दुसऱ्या दिवशी तासाला तुम्ही वाक्यात उपयोग करायला वाक्प्रचार दिलात, 'जीव भांड्यात पडणे'. वर्गातल्या सहा जणांनी खाली मान घालून तो वाक्यात वापरला.

त्या सहांतला एक माझ्या बाकावरचा. त्याचं नाव घेत नाही. तुम्ही सगळे त्याला ओळखता, आणि तो आज तिसऱ्या रांगेत खांबाच्या बाजूला बसलाय. तेव्हा तो मलंगगडाच्या रस्त्यावरच्या एका गावातून चालत शाळेत यायचा. घरी आगरी बोली. त्याच्या बोलण्यात 'ड'चा 'र' व्हायचा आणि 'ळ'चा 'ल'. गाडीची गारी, घोड्याचा घोरा, शाळेची शाला. तो वाचायला उभा राहिला की वर्ग आधीच हसायच्या तयारीत असायचा. हसणाऱ्यांत मीही होतो. त्याची निबंधाची वही उघडली की पानभर लाल शाई. पुढे पुढे तो चार ओळींच्या वर लिहीतच नसे. जेवढं कमी लिहू तेवढं कमी लाल, हा त्याचा हिशेब होता, आणि हिशेब म्हणून तो बरोबरच होता.

पण त्या खोलीत त्याचं राज्य होतं. आणि ते राज्य सुरू व्हायचं लाईट गेल्यावर.

तुम्हाला आठवत असेल, तेव्हा लाईट कधी जाईल याचा नेम नसायचा. टीव्ही बंद, पंखा बंद, खोलीत मिट्ट काळोख. त्या कॅसेटमध्ये खेळ साठवून ठेवायची सोय नव्हती. कितव्याही टप्प्यावर असा, लाईट गेली की सगळं गेलं. दोन रुपये परत मिळत नसत, पण मालक म्हणायचा, "थांबा, लाईट आली की उरलेला वेळ खेळा." मग आम्ही आठ-दहा पोरं घाम पुसत तशीच बसून राहायचो. अशाच एका काळोखात हा म्हणाला, "मारिओ परला तं जातो कुठं?"

कोणी हसलं नाही. काळोखात 'परला' आणि 'पडला' सारखंच ऐकू येतं.

मग त्यानेच सांगायला सुरुवात केली. खड्ड्याच्या खाली एक स्टेशन आहे. आपल्यासारखंच, एकच पूल आणि पिवळा दिवा. आजवर पडलेले सगळे मारिओ तिथे बाकड्यांवर बसलेत. सगळ्यांचे चेहरे सारखे, म्हणून कोणी कोणाला नाव विचारत नाही. गाडी येते, एक मारिओ चढतो, वर जातो आणि पुन्हा पहिल्यापासून धावायला लागतो. बाकीचे वर कान लावून बसतात. गाणं बंद पडलं की समजायचं, आला परत. त्यांच्यात एक म्हातारा आहे. तो सर्वात आधी पडलेला. गाड्या येतात, जातात, तो चढत नाही. सगळे विचारतात, का रे बाबा? तो म्हणतो...

आणि लाईट आली. सगळे टीव्हीकडे वळले, आणि गोष्ट तिथेच राहिली.

मित्रहो, मी गेली सतरा वर्षं मराठी शिकवतोय. गोष्ट म्हणजे काय हे मुलांना समजावताना मी आजही मनाने त्या काळोखात जातो. त्या मुलाला ती गोष्ट सुचली कशी, याचा मी पुष्कळ विचार केलाय. मला सापडलेलं उत्तर असं की त्या खेळाने त्याला फार थोडं दिलं होतं. 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा खेळ 1985 चा, शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी रचलेला. मारिओ हे पात्र मियामोतोंनी त्याआधी, 1981 च्या 'डाँकी काँग'साठी काढलं होतं. पडद्यावर ठिपके इतके थोडे की तोंड नीट काढता येईना, म्हणून मिशी दिली. केस काढता येईनात, म्हणून टोपी घातली. म्हणजे ज्या मिशा आणि टोपीवरून त्याला जगभरची पोरं ओळखतात, त्या जागेच्या अडचणीतून आल्या. बाकीचा माणूस आपण मनाने भरायचा. गुळगुळीत, पूर्ण चित्र समोर असतं तर खड्ड्याखाली काय आहे हेही खेळानेच दाखवलं असतं. ते दाखवलं नव्हतं, म्हणून आमच्या मित्राने तिथे विठ्ठलवाडी बसवली.

त्या खेळाची सुरुवातही मी मुलांना सांगतो. सूचनांचा एकही शब्द नाही. डाव्या टोकाला मारिओ, उजवीकडे मोकळी जागा. म्हणजे कुठे जायचं ते कळलं. थोडं पुढे रागीट भुवयांचा एक प्राणी चालत येतो. पहिल्यांदा आपण मरतो, दुसऱ्यांदा उडी मारतो. म्हणजे उडी कळली. ठोकळ्याला डोकं लागतं, वरून मशरूम निघतं, ते पुढच्या हिरव्या पाइपला आपटून उलट आपल्याकडेच येतं, आणि नको नको म्हणताना आपण ते खातो आणि मोठे होतो. म्हणजे तेही कळलं. आता आमच्या शाळेतल्या निबंधांची सुरुवात आठवा: 'मानवी जीवनात निसर्गाला अनन्यसाधारण महत्त्व आहे.' वाचणारा तिथेच मरतो, आणि त्याला दुसरा जीवही नसतो. मी मुलांना सांगतो, आधी माणूस उभा करा, समोरून काहीतरी येऊ द्या, महत्त्व मागाहून कळेल.

दुसरा खेळ 'कॉन्ट्रा', कोनामी कंपनीचा, 1987 चा. दोघांनी जोडीने खेळायचा. एक गोळी लागली की एक जीव गेला, आणि जीव फक्त तीन. पण एक गुपित होतं: वर-वर, खाली-खाली, डावीकडे-उजवीकडे, डावीकडे-उजवीकडे, बी, ए. हे सुरुवातीला दाबलं की तीनऐवजी तीस जीव. पाहा, काही जणांची बोटं आत्ता खुर्चीच्या दांड्यावर हलली! तीस जीव मिळाले त्या दिवशी आम्ही राजे झालो. आणि तीन दिवसांत कंटाळलो. मेलो तरी काही बिघडत नव्हतं, म्हणून कोणी ओरडत नव्हतं. कोणी ओरडत नाही त्या खेळाची घरी जाऊन सांगण्यासारखी गोष्ट होत नाही. पुढे हेच मला लेखनात भेटलं. पात्राचं काही जायचं नसेल तर वाचणाऱ्याने पान का उलटावं?

'कॉन्ट्रा'त आणखी एक सोय होती, आणि माझी उधारी इथूनच सुरू होते. एकाचे सगळे जीव संपले तर तो जोडीदाराच्या शिलकीतला जीव घेऊ शकायचा. मी खेळात कच्चा. माझे तीन लगेच जायचे. हा शेजारून पडद्यावरची नजर न काढता म्हणायचा, "घे, माझ्यातला घे." मी घ्यायचो, तोही घालवायचो. शेवटी त्याच्याकडे एकच उरायचा, आणि त्या एकावर तो एकटा लढायचा. त्याने कधी नाही म्हटल्याचं मला आठवत नाही.

आठवीत आपल्याकडे निबंध स्पर्धा झाली. कल्पनाप्रधान निबंध, विषय 'मी पाहिलेले अनोखे गाव'. काही जणांना आठवेल, पहिलं बक्षीस मला मिळालं. माझा निबंध फळ्याशेजारच्या सूचनाफलकावर महिनाभर लावलेला होता. त्यात खड्ड्याखालचं एक स्टेशन होतं. पिवळा दिवा होता. सारख्या चेहऱ्यांची माणसं होती, आणि गाडीत न चढणारा एक म्हातारा होता.

तो निबंध माझा नव्हता.

माझं काम एवढंच, की मी 'र'चे 'ड' केले आणि 'ल'चे 'ळ'. आणि शेवट मला माहीत नव्हता, कारण तेवढ्यात लाईट आली होती. म्हणून शेवटी मी लिहिलं, 'अपयश ही यशाची पहिली पायरी आहे.' बक्षीस देताना बाई, तुम्ही मला विचारलं होतंत, "हे तुला कसं रे सुचलं?" मी म्हणालो, "असंच सुचलं." हा पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता. त्याच्याकडे बघायचं मी टाळलं. फलकावरचा निबंध त्याने वाचला असणार. तो मला त्याबद्दल एका शब्दानेही बोलला नाही. मीही बोललो नाही. दहावीनंतर तो कामाला लागला, मी कॉलेजात गेलो. बक्षिसाचं पुस्तक आमच्या घरात होतं. 26 जुलै 2005 ला वालधुनीचं पाणी घरात शिरलं, त्यात ते गेलं. निबंध मात्र अजून पाठ आहे.

आता तुम्ही म्हणाल, हे तुझं प्रायश्चित्त झालं, विषयाचं काय? विषय हाच आहे. त्या खोलीत आठ-दहा पोरं तेच खेळ खेळत होती. लिहायची वेळ आली तेव्हा मला सुचलं, कारण मी एका सांगणाऱ्याच्या शेजारी बसत होतो. व्हिडिओ गेम आपोआप कोणाला लिहायला शिकवत नाही. तो एक जागा देतो, नियम देतो, अडचण देतो आणि बरंचसं रिकामं ठेवतो. त्या रिकाम्या जागेबद्दल कोणीतरी कोणालातरी आपल्या भाषेत सांगायला लागलं, तर तिथे लेखन सुरू होतं.

खेळ आणि शब्दांचं हे नातं आपल्याला नवं वाटायला नको. सापशिडीचा पूर्वज असलेला मोक्षपट ज्ञानेश्वरांनी रचला असं आपल्याकडची परंपरा सांगते. त्यात साप म्हणजे दुर्गुण आणि शिड्या म्हणजे सद्गुण. सोंगटी सरकवता सरकवता माणूस घसरतो कुठे आणि चढतो कशाने, याची गोष्टच खेळली जायची.

संगणकावरच्या साहसी खेळांची सुरुवात तर निव्वळ शब्दांनी झाली. 1976 च्या सुमारास विल क्राउदर नावाच्या अमेरिकन प्रोग्रॅमरने 'कोलोसल केव्ह ॲडव्हेंचर' लिहिला. क्राउदर हौशी गुहासंशोधक. केंटकीतल्या मॅमथ केव्ह या प्रचंड गुहेत तो पत्नीबरोबर हिंडलेला. पुढे दोघं वेगळे झाले. दोन्ही मुली आपल्यापासून दुरावू नयेत, त्यांना खेळायला काहीतरी द्यावं, म्हणून बापाने ती ओळखीची गुहा शब्दांत उतरवली. चित्र एकही नाही. तू अमुक ठिकाणी उभा आहेस, या बाजूला वाट आहे, इथे दिवा पडलाय, असं यंत्र सांगतं, आणि पुढे काय करायचं ते खेळणाऱ्याने टाइप करायचं. 1977 मध्ये डॉन वूड्स याने त्यात भर घातली आणि तो खेळ सगळीकडे पसरला. त्याची सुरुवात झाली ती एका माणसाने पाय घासून पाहिलेल्या जागेच्या नेमक्या वर्णनातून.

हे वाचल्यावर मी वर्गात एक प्रयोग केला. मुलांना सांगितलं, आपला भाग असा लिहा. चित्र काढायचं नाही. 'तू' म्हणून सुरुवात करायची, कुठून कुठे जाता येतं ते सांगायचं, आणि प्रत्येक ठिकाणी एक वस्तू आणि एक अडथळा हवा. मी नमुना दिला: 'तू विठ्ठलवाडीच्या फलाटावर उभा आहेस. बदलापूर लोकल नुकतीच गेली. समोर पूल आहे. पुलावर चढलास तर मलंगगड दिसेल. उतरलास तर नाल्याचा वास येईल. तुझ्या खिशात अकरा रुपये आहेत.' एवढ्यावर वर्ग सुटला. 'माझी शाळा' या विषयावर आठ ओळी न लिहिणाऱ्या पोरांनी चार-चार पानं भरली. का, तर प्रत्येक वळणावर त्यांना ठरवायचं होतं, इथे काय दिसतं आणि यातून बाहेर कसं पडायचं.

एका मुलीने तिचं घरच लिहिलं. एकच खोली, तीन वस्तू. शेवटी तिने नियम घातला: 'आई कामावरून येईपर्यंत हे दार उघडता येणार नाही. तू काहीही टाइप केलंस तरी नाही.' मी ते वाचून वही मिटली आणि पाच मिनिटं काही बोललो नाही. 'माझे घर' असा निबंध दिला असता तर तिने लिहिलं असतं, 'माझे घर लहान पण टुमदार आहे.' खेळाच्या नियमाने तिला खरं बोलायची वाट दिली.

आपल्या भाषेत, आपल्या मातीतलं असं काही मोठ्या पडद्यावर होतं का, असंही मुलं विचारतात. मग मी त्यांना पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या संस्थेची गोष्ट सांगतो. त्यांचा 'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा खेळ 2020 मध्ये आला. राजी ही कसरतीचे खेळ करणारी मुलगी, राक्षसांनी पळवलेल्या गोलू नावाच्या धाकट्या भावाला शोधत निघते. 2017 मध्ये त्यांनी लोकांकडून पैसे उभे करायचा प्रयत्न केला होता, तो अपुरा पडला. तरी खेळ पुरा केला आणि जगभर पोचवला. मला त्यातलं आवडलेलं म्हणजे निवेदन. राजीची गोष्ट दुर्गा आणि विष्णू वरून बघत बघत एकमेकांशी बोलतात, आणि त्यांच्या बोलण्यातून ती आपल्याला कळते. 'निवेदक कोण?' हा प्रश्न पाठ्यपुस्तकात कोरडा वाटतो. एकच प्रसंग आधी राजीच्या तोंडून लिहा, मग वरून बघणाऱ्या देवीच्या, मग हरवलेल्या गोलूच्या, असं सांगितलं की तो मुलांना हाताला लागतो.

हे सगळं ऐकून इथले काही पालक आज घरी जाऊन मुलांच्या हातात मोबाईल देतील आणि म्हणतील, मास्तरांनी सांगितलंय! तसं नाही. खेळ तास खातो, झोप खातो. काही खेळ तर खिसा रिकामा करायलाच बनवलेले असतात, त्यांचं मी बोलतच नाहीये. दुसरी बाजूही आहे. ब्रिटनमधल्या नॅशनल लिटरसी ट्रस्टने 11 ते 16 वयाच्या मुलांची पाहणी केली. गेम खेळणाऱ्यांपैकी सुमारे 63 टक्के मुलं महिन्यातून एकदा तरी खेळाशी संबंधित काहीतरी लिहितात असं त्यात दिसलं. त्यातलं बरंचसं खेळताना एकमेकांना धाडलेले निरोप, पण काही जण खेळाबद्दल सल्ले लिहितात, काही परीक्षणं आणि काही चक्क गोष्टी. म्हणजे लिहिण्याची ऊर्मी तिथे आहे. ती वहीपर्यंत आणायची तर घरात कोणीतरी विचारायला हवं, "आज काय झालं रे तुझ्या खेळात? मला नीट सांग, मी पाहिलेलं नाही." आजी असेल तर उत्तम. आजी 'मग?' आणि 'का?' हे दोन प्रश्न विचारते. जगातल्या कुठल्याही संपादकाकडे याहून जास्त प्रश्न नसतात.

आता शेवटचा खेळ सांगतो आणि बसतो. दहावीच्या सुट्टीत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी 'प्रिन्स ऑफ पर्शिया' पाहिला. जॉर्डन मेकनर या तरुणाने 1989 मध्ये केलेला. राजपुत्राचं धावणं-उडी मारणं इतकं खरं, कारण त्याने आपल्या धाकट्या भावाला पळायला लावून त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून एकेक चित्र काढलं. त्यातच यंत्राची स्मृती संपली. नवा शत्रू घालायला जागाच उरली नाही. मग त्याने राजपुत्राचीच चित्रं वापरून त्याची सावली तयार केली. राजपुत्र आरशातून उडी मारतो आणि त्याची सावली बाहेर पडून पळून जाते. पुढे ती राजपुत्राच्या वाटणीचं औषधही पिऊन टाकते. शेवटी दोघं समोरासमोर येतात. तलवार चालवली तर घाव आपल्यालाच लागतो. मी किती वेळा मेलो त्याची गणती नाही. मग क्लासमधल्या कोणीतरी सांगितलं, तलवार म्यान कर आणि सरळ चालत जा. मी तसं केलं. दोघं एक झाले, आणि पुढची वाट, जिथे जमीन दिसतच नव्हती, पायाखाली उमटत गेली.

त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. कळला गेल्या वर्षी. माझ्या वर्गातल्या एका मुलाने त्याच्या मोबाईलवरच्या खेळावर गोष्ट लिहिली होती, घरच्या बोलीत. माझ्या हातात लाल पेन होतं. सवयीने मी पहिल्या शब्दाभोवती गोल केला. दुसऱ्या शब्दाभोवती केला. तिसऱ्याला हात थांबला. मला समोर त्या वहीऐवजी तीस वर्षांपूर्वीची एक वही दिसली. शुद्धलेखन शिकवायचंच, ते माझं काम आहे. पण गोष्ट आधी पूर्ण होऊ द्यायची, मग शाई काढायची, एवढं त्या दिवसापासून पाळतो.

आणि महिन्याभरापूर्वी मी आपल्या मित्राला फोन केला. तो आता एसटीत कंडक्टर आहे, विठ्ठलवाडी आगारात. मी सगळं कबूल केलं. निबंध, बक्षीस, बाईंना दिलेलं उत्तर. मेळाव्यात बोलू का, तेही विचारलं. तो हसला. म्हणाला, "बोल की. निबंध मी तवाच वाचला होता. पण शेवट चुकला तुझा." मी म्हटलं, "अरे, मग खरा शेवट काय? तो म्हातारा गाडीत का चढत नाही?" तर म्हणतो, "तसं सांगता येत नाय रं. लाईट कुठं गेलीय?"

म्हणून आयोजकांना माझी एक विनंती आहे. माझी उरलेली पाच मिनिटं मी त्याला देतो. माझे जीव संपलेत, त्याच्याकडे अजून एक आहे. सभागृहातले दिवे तेवढा वेळ बंद करा आणि हा माईक तिसऱ्या रांगेत, खांबाच्या बाजूला द्या. आणि बाई, तो 'परला' म्हणाला तर आज त्याला अडवू नका.